मंगळवार, सकाळी अकरा

सात वाजून दहा मिनिटांनी
पिवळी बस वळते आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर.
गॅलरीतून दिसतात सगळ्याजणी,
गाऊनवर ओढणी, पायात नवऱ्याच्या चपला.
बस गेल्यावरही वीस मिनिटं रेंगाळतात तिथंच.
कुणाची थायरॉइडची गोळी, कुणाची जाऊ,
मेथीची जुडी केवढ्याला.
त्या वीस मिनिटांतलं माझं नाव
शाल्मलीच्या नावाबरोबरच कमी झालं
दोन वर्षांपूर्वी.
दाखल्यावर तसं लिहिलेलं नव्हतं कुठं.

अकरा वाजता शहर निराळ्याच माणसांचं असतं.
कृषीनगरच्या ट्रॅकवर बायपास झालेले आजोबा,
कॅनडा कॉर्नरला रिक्षात पाय वर करून झोपलेला कुणी,
आणि आम्ही दोघी.
"आज सुट्टी का गं बाळा?"
शाल्मली सांगते, "नाही, चालू आहे आमची."
मी हसते.
हे एक हसू मी परक्यांसाठी वेगळं काढून ठेवलंय.

संक्रांतीनंतर तिला निबंध दिला, 'माझी मैत्रीण', दहा ओळी.
तिनं कोरं पान फाडून पुढं केलं,
तू पण लिही.
'मैत्रीण'मधली री दीर्घ, हे तिला समजावण्यात थोडा वेळ काढला.
मग एक नाव लिहिलं, ते आता न्यू जर्सीत असतं.
दुसरं लिहिलं,
आमचं शेवटचं बोलणं म्हणजे वाढदिवसाला पाठवलेला
केकचा स्टिकर.
चौथ्या ओळीवर पेन अडलं.
शाल्मलीनं लाल शाईत शेरा मारला,
अपूर्ण. सही.

लेण्यांच्या पायऱ्यांवर, अर्ध्या वाटेत,
एक मुलगा पोटावर झोपून
मातीतल्या शंकूसारख्या खड्ड्यात मुंगी सोडत होता.
बाजूला त्याची आई, मांडीवर रेक्झिनची पिशवी,
एक डोळा पोराकडे,
दुसरा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे.
ओळखलं मी तो दुसरा डोळा.
रखवालदार म्हणाला, "काय ताई, आज शाळाले सुट्टी शे का?"
आम्ही दोघी एकदम म्हणालो,
"नाही हो."

मुलांना दहा मिनिटं लागली. नावंसुद्धा नंतर विचारली.
मला तीन मंगळवार.
पहिला गेला उन्हावर बोलण्यात.
दुसऱ्यात कळलं, वैजयंती गांगुर्डे, सातपूर,
नवरा कंपनीत दुसऱ्या पाळीला,
आणि घंटा झाली की सुमेध बाकाखाली जायचा.
आमचं कारण मी सांगितलं नाही,
तिनं विचारलं नाही.
तिसऱ्यात फोन नंबर मागितला.
आठवीत असल्यासारखे तळहात ओले.

तिनं डबा उघडला, सुट्टे द्राक्षमणी.
"घडातनं गळालेले. स्वस्तात मिळतात, गोडी तीच."
यावर कविता करू नये
एवढं कळतं मला.
खाल्ले.

मी पांडवलेणी म्हणायचे, ती त्रिरश्मी म्हणते.
आता मीही.
पण पाढ्यांवर तिचा भलताच जीव,
आणि माझा पाढ्यांवर जुना राग.
एका मंगळवारी अडीचकीवरून वाजलं आमचं,
शेवटच्या पायरीवर, माकडांसमोर.
"तुमच्या पोरीला पाढे कशाला हवेत,
तिच्या तोंडापुढं कोण हिशेब मागणार!"
मी शाल्मलीचा हात धरला आणि उतरले.

पुढचे दोन मंगळवार आम्ही घरीच.
भागाकार शिकवला. बाकी उरली,
तशीच राहू दिली.

मग एका रात्री साडेअकराला मेसेज,
"सुमेध विचारतोय, कधी येणार."
सुमेध कधीच काही विचारत नाही.
दिवसाला चार शब्द बोलतो तो,
त्यातले तीन मुंग्यांशी.

मी लिहिलं,
"शाल्मलीनंही आत्ताच विचारलं."

शाल्मली शेजारी तोंड उघडं टाकून
नऊपासून झोपलेली.