‘ॲट’ की ‘इन’

रावपुऱ्याच्या तारघरात मी एकोणतीस वर्षं
लोकांचं येणं मोजलं.
फॉर्मवर पेन्सिलीनं प्रत्येक शब्दाखाली एक टिंब,
मग बेरीज, मग सुटे पैसे.

‘कमिंग’ लिहिलं तरी दर तोच होता.
पण ज्याला सही येत नसे तोसुद्धा म्हणायचा,
साहेब, ते मोठं असतं ना, ते टाका.
मी ‘अरायव्हिंग’ टाकायचो.
त्याची पाठ जरा ताठ व्हायची.

खानवेलकर वहिनी मात्र ‘रीचिंग’ लिहायच्या.
एकदा रांगेतून मान काढून प्रोफेसर दिघे म्हणाले,
रीचला कर्म लागतं, बाई,
नुसतं रीचिंग म्हणजे हात लांब करून उभं राहणं.
वहिनींनी पर्समध्ये पाहिलं,
आणि एक शब्द वाढवला, बडोदा.
मग अराइव्हला काय लागतं?
काही नाही. लागलंच तर लहान गावाला ‘ॲट’, मोठ्या शहराला ‘इन’.
आणि बडोद्याला?

रांग अडली.
कुणी म्हणालं, राजवाडा आहे, विद्यापीठ आहे, सूरसागर आहे: इन.
कुणी म्हणालं, मुंबईच्या माणसाला विचारून बघा.
राठवा शिक्का हातात धरून ऐकत राहिला.
शेवटी खिडकीच्या आतून मीच निकाल दिला:
दोन्ही काढा. शब्दाचे पैसे पडतात.

त्यानंतर माझ्या खिडकीतून निघालेली माणसं
बडोद्यात नाही, बडोद्याला नाही,
नुसतीच बडोदा मंगळवार येत राहिली.

घरी मराठीत सगळं फुकट होतं.
ताप यायचा, राग यायचा, धाकट्याला पोहता यायचं नाही,
मेव्हणे कधी उगवायचे, कधी टपकायचे,
मे महिन्यात तर येऊनच पडायचे.
दूध उतू यायचं.
यातल्या कशाचीही आधी तार येत नसे.

एक पोरगा आला होता, चपला न घालता.
भिलाईच्या भावाला करायची होती.
फादर सिरियस.
असं लिहिणाऱ्याचे वडील सिरियस नसतात आता,
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.
त्यानं ‘कम’ लिहिलं, खोडलं,
‘अराइव्ह’ लिहिलं, तेही खोडलं,
आणि विचारलं, यातला कुठला लवकर आणतो?
मी म्हणालो, तार एकच आहे, बाळा.
मग आम्ही ‘स्टार्ट’ टाकलं.
टिंबं दिली. मोजताना एक कमी मोजला.

मी रोज निघताना म्हणायचो, येतो.
खालच्या जसुबेन ओट्यावरून म्हणायच्या, आवजो.
जाणाऱ्याला ‘या’ म्हणणारं हे गाव,
इथे कुठलं अव्यय लावणार होते दिघे?

मग एका जुलैत तारघरच बंद झालं.
शेवटच्या दिवशी ही गर्दी.
ज्यांना आयुष्यात कधी तार आली नव्हती
ते स्वतःलाच तारा करत होते, आठवण म्हणून.
खिडकी लावायच्या आधी मीही एक फॉर्म ओढला.
वर घरचाच पत्ता, बाबाजीपुरा.
खाली: अरायव्हिंग इन बडोदा टुडे.
चारही शब्दांना टिंबं दिली,
‘इन’चेसुद्धा पैसे भरले, पावती घेतली.

मी पोचलो साडेसातला, भाजी घेऊन.
ती पोचली दुसऱ्या दिवशी दुपारी.
मी आंघोळीला होतो, सही कुमुदनं केली.
बाहेर आलो तर ती कागद उजेडाला धरून
एकेका शब्दाखाली बोट ठेवत होती.
डोकं वर न करता म्हणाली,
अहो, आज कुणीतरी येतंय.
कणीक जास्त भिजवू का?