मोहन

फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात,
मार्जरीनच्या डब्यांमागे,
कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या विटा.
अडीचशे ग्रॅम. लार्ड.
मराठीत काय म्हणतात ते मी म्हणत नाही.
कराडला आईला पत्र लिहिलं तेव्हा
दूध, पाव, वर्तमानपत्रं यांच्या खाली
'आणि इकडचं एक तूप' एवढंच लिहिलं.

कीथलीत दुकान घेतलं त्या हिवाळ्यात
ती वीट मी दोन बोटांनी उचलायचो,
मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी.
कुमुदनं गल्ल्याखाली वेगळं फडकं ठेवलं,
फडक्याला वेगळी खुंटी.
शनिवारी मदतीला येणारा तौकीर
हातमोजा चढवून खोकं रिकामं करायचा.
त्याचं कारण वेगळं, माझं वेगळं.
आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

पण घेणारे होते.
चढावरचा म्हातारा बस ड्रायव्हर, पाव तळायला.
दोघी बहिणी, पाखरांसाठी दाणे घालून वड्या थापायला;
स्वतः मात्र मार्जरीन खायच्या.
एक पोरगा सायकलच्या साखळीला लावायला मागत होता,
त्याला मी शिवणयंत्राचं तेल दिलं, फुकट.
आणि दर गुरुवारी मिसेस हॉल्डस्वर्थ:
लार्डची दोन पाकिटं,
मैद्याची दीड किलोची एक पिशवी,
नाणी काउंटरवर रांगेत मांडून.

"कधी चाखलंच नाही?"
"नाही."
"मग विकता कसं?"
म्हटलं, समोरचा बेअरस्टो शवपेट्या विकतो,
तोही अजून झोपलेला नाही एकीत.
ती हसली, खोकला येईपर्यंत.

मग तिनंच सांगितलं, काउंटरवर कोपर टेकून:
पाणी उकळायचं, त्यात हे विरघळवायचं,
मैद्यात ओतायचं चर्र करत,
आणि गार व्हायच्या आत मळायचं.
हात भाजतात. भाजू द्यायचे.
अहो, मी म्हटलं, हे तर मोहन!
आई करंज्यांच्या मैद्यात कडकडीत तूप ओतायची,
मूठ दाबून बघायची, मुटका वळतो का.
"मोअन," ती म्हणाली, जिभेवर घोळवत.

पुढच्या गुरुवारी दारातूनच:
"दोन मोअन!"
रांगेतल्यांना वाटलं, हाक मारतेय मला.
मी वामन.
पण तेव्हापासून या रस्त्यावर मी मोहन,
बँकेतल्या बाईलासुद्धा.
कुमुद चिडली की मुद्दाम तसंच म्हणते.

एका नाताळाला ती पाय घेऊन आली,
कांदा-बटाट्याची, पंच्यात गुंडाळलेली.
"तुमच्यासाठी लोणी घातलंय. नीट नाही झाली.
मी केली म्हणून कुणाला सांगू नका."
कड ढासळलेली, तळ ओला.
साठ वर्षं न चुकलेल्या हातांनी
जाणूनबुजून बिघडवलेली.
आम्ही चमच्यानं खरवडून संपवली.

आता लार्डचं खोकं दोन महिने पुरतं.
ड्रायव्हर गेला. बहिणींपैकी एक आहे,
पाखरांसाठी तयार वड्या आणते सुपरमार्केटातून.
मार्चमध्ये लीड्सहून जॅनिसचा फोन आला,
मिसेस हॉल्डस्वर्थची मुलगी.
आईनं कधी लिहून ठेवलं नाही, म्हणाली,
आणि आता विचारलं तर खिडकीबाहेर बघते.
मिस्टर मोहन, तुम्हाला काही माहीत आहे का?

आयुष्यात कणभर जिभेवर न ठेवलेला मी
डोळे मिटून गुरुवार मोजले.
दोन पाकिटं, एक पिशवी.
दोन पाकिटं, एक पिशवी.
म्हटलं, लिहून घ्या:
तीन भाग मैद्याला एक भाग.

आणि पाणी?

पाणी तिनं माझ्याकडून कधी घेतलं नव्हतं.
म्हटलं, ते कढत असू दे.
हाताला सोसेल
त्याच्या जरासं पुढे.