आधी कोण झोपतं

ओउलूत डिसेंबरात दुपारी दोनलाच
अंधार खिडकीशी खुर्ची ओढून बसतो.
मिर्वा हाउतामाकीच्या टेबलावर एक लॅपटॉप,
पोट उघडं, तारा बाहेर लोंबत.
झाकण मिटायचं. थांबायचं. उघडायचं.
नऊदा सगळं ठाकठीक,
दहाव्यांदा टचपॅड निपचित.
बोट फिरवा, घासा, शिव्या घाला,
बाण पडद्यावर जिथल्या तिथे.

झोपलेल्याला उठवता येतं,
सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो.
हा दोन्हींतला नव्हे.
झोपताना याचं वाक्य कुणीतरी अर्ध्यात तोडलंय.

कर्नलचा रिवाज तसा सरळ:
लेकरं आधी निजतात, बस मागून.
सगळे निजले का बघून
बस आपली वीज काढते.
उठताना उलटं. आधी ती उठते,
मग एकेकाला हाक.
शिवाय हिशेब असतो. ज्याला तिची गरज
तो एक आकडा वाढवतो,
काम झालं की एक आकडा परत.
शून्य झाल्याशिवाय ती डोळा मिटत नाही.
एकाने जरी उसनं बुडवलं
तर ती रात्रभर ताटकळते
आणि सकाळी बॅटरी सपाट.

मिर्वाने हिशेब तपासला. पै न पै जुळत होता.

मग तिने लॉग उलगडला,
मिलिसेकंदामागून मिलिसेकंद,
जसं कुणी गहू निवडावा.
तीनशे बारावर टचपॅड म्हणतो: निजतो आता,
एवढं शेवटचं लिहून ठेवतो.
तीनशे अकरावर त्याची वीज गेलेली.

पण बस तर जागी होती!

*

हाइलुओतो बेटावर तिच्या वडिलांचं लाकडी घर आहे.
थंडी पडण्याआधी ते बंद करायचं असतं:
पंपाने नळ्या कोरड्या करायच्या,
मग पंप, मग मोठं बटण, मग कुलूप.
ज्या वर्षी तौनो इस्पितळात होते
त्या वर्षी मिर्वा एकटीच फेरीने गेली,
त्यांच्या अक्षरातला कागद खिशात.
कागदाबरहुकूम सगळं केलं.
फक्त सौना आधी बंद केली,
कारण सौनाबद्दल कागदात काहीच नव्हतं.
पंप मध्येच थांबला. तिला वाटलं, पाणी संपलं.

मे महिन्यात नळी उभी चिरलेली.
तौनो म्हणाले, अगं, पंपाची वीज
सौनाच्या फळीवरून येते ना.
म्हटलं, लिहायचं नाही का?
म्हणाले, त्यात लिहायचं काय?
मला माहीतच आहे.

*

ती खुर्चीवरून उठली, आराखडा काढला.
टचपॅड बसच्या ओळीत बसलेला,
बसच्याच नावाने ओळखला जाणारा.
पण त्याची वीज कोपऱ्यातल्या एका नियामकाकडून,
ज्याचं बसशी कसलंच नातं नाही.
कागदावर आई एक,
घास भरवणारी दुसरी,
आणि हे कर्नलला कुणी सांगितलंच नव्हतं.
ज्याने बोर्ड आखला त्याला माहीत होतं.

म्हणजे नऊदा जे बरोबर घडलं
ते नशिबाने.
सगळे एकाच वेळी निजायला धावत,
कोण आधी पोचेल याची शर्यत,
आणि दहाव्यांदा दुसरी आधी पोचायची.

चार ओळी. त्यांत सांगायचं इतकंच:
हा तिच्यावर अवलंबून आहे.
हा निजेपर्यंत तिने थांबावं,
ती उठेपर्यंत याने थांबावं.

खाली सही, तारीख, आणि कारण
तीन परिच्छेद. सहकारी हेन्निका म्हणाली,
चार ओळींना एवढं पुराण?
मिर्वाने एक शब्दही काढला नाही.

रात्रभर यंत्र स्वतःलाच गजर लावून
निजलं, उठलं, निजलं.
सकाळी, म्हणजे दहा वाजता उजाडताना,
हजारांपैकी नऊशे नव्याण्णव.

तो एक कॅमेऱ्याचा. ते वेगळं प्रकरण.

तिने वडिलांना फोन लावला,
दोन घंटा वाजल्यावर आठवलं
की औषध घेऊन ते या वेळी झोपतात.
ठेवला.
नंतर पाकिटातून तो जुना कागद काढला,
घडीवर विरलेला,
आणि पंपाच्या ओळीखाली
पेनाने एक बाण काढून लिहिलं: सौना.