ओळ क्रमांक सतरा

निझवाच्या किल्ल्यामागे आमचं ऑफिस,
दारावर पाटी : संशोधन निधी कक्ष.
आत मी, मारिवेल, आणि एक एसी
जो मार्चपासून दमेकऱ्यासारखा खोकतो.
लोक प्रश्न घेऊन येतात.
आम्ही त्यांना रकाने देतो.

डॉ. थुरैयाचा प्रश्न पाण्याचा होता :
फलज कुठे आटतो, किती, आणि का.
डोंगराच्या पोटातून गावात येणारा जुना पाट,
खजुरांच्या मुळाशी मोजून मापून उतरणारा.
तिने मागितले चार सेन्सर, दोन विद्यार्थी, एक गाडी,
आणि खलफान बिन हमूद.

खलफान बिन हमूद, वय त्र्याहत्तर.
दिवसा काठीच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून
कुणाची पाळी लागली, कुणाची सरली, हे सांगणारा.
आमच्या बागलाणात त्याला पाटकरी म्हटलं असतं
अन् मोसमच्या फडावर
त्याच्या शब्दापुढे पाटीलही गप्प बसला असता.

फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.
सल्लागार म्हणावं, तर पीएच.डी. हवी.
कर्मचारी म्हणावं, तर साठीची अट.
विद्यार्थी?
मारिवेल हसली,
मग हसायची थांबली.

मी त्याचा बायोडेटा लिहायला बसले.
अनुभव : बापाच्या खांद्यावरून तारे ओळखू लागल्यापासून.
प्रकाशनं : रोज एक, वाळूत, काठीनं.
संदर्भासाठी दोन व्यक्ती :
त्यानं दोन नावं सांगितली, दोघेही वारलेले.
"पण खोटं बोलणार नाहीत," म्हणाला.

पोर्टलनं तो परत पाठवला. ईमेल आयडी अनिवार्य.

शेवटची रात्र. बाराला दार बंद.
खर्चाचं समर्थन, कमाल दोनशे शब्द.
सेन्सरचं मी अठ्ठावीस शब्दांत उरकलं,
माणसाचं दोनशेत मावेना.
साडेअकराला मारिवेलनं माझ्या हातून माऊस घेतला
अन् उपभोग्य वस्तूंमध्ये,
बॅटऱ्या, दोरखंड, चिकटपट्टीच्या खाली,
ओळ क्रमांक सतरावर टाइप केलं :
स्थानिक वेळमापन, बारा महिने, सातशे वीस रियाल.

तेल कंपनीचं प्रतिष्ठान. उत्तर मे महिन्यात आलं.
गाडी कापली. एक विद्यार्थी कापला.
लिस्बनची परिषद तर लाल शाईनं.
सतराव्या ओळीला कुणी हात लावला नाही.
बॅटऱ्यांच्या शेजाऱ्यावर कोण शंका घेतं!

पहिले साठ रियाल द्यायला मी स्वतः गेले.
तो पाटाकडेला अनवाणी बसलेला,
नजर सावलीवर.
पाकीट घेऊन विचारलं, "हे किती अथरांचं?"
अथर म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी.
आमच्या कुठल्याच रकान्यात हे एकक नव्हतं.
"ठाऊक नाही," मी म्हणाले.
"मग थांब."
सावली एका दगडाला टेकली.
त्यानं बोळा काढला, दुसरीकडे कोंबला,
आणि पाणी एका बागेतून दुसऱ्या बागेत वळलं,
अर्ज न करता.

जुलैत उन्हानं दोन सेन्सर गेले.
अकरा दिवसांचे आकडे थुरैयानं त्याला विचारून भरले,
तळटीप घालायला मात्र विसरली.
मी काही म्हटलं नाही. तेव्हा म्हणायला हवं होतं.

वर्षअखेरीला लेखापरीक्षक आला,
चष्मा कपाळावर, बोट कागदावर.
"ओळ सतरा. वापरून संपली?"
मारिवेल एसीकडे बघू लागली.
"नाही," मी म्हणाले, "शिल्लक आहे."
"साठवणुकीची जागा?"
"दिवसा काठीपाशी.
रात्रीचं मला सांगता येणार नाही."
त्यानं तेवढंच लिहून घेतलं.