आपोआप उठणारे

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
गाळ्यावरचा कॉम्प्युटर जागा व्हायला अकरा मिनिटं.
तेवढ्यात शेलारशेठचा चहा, आणि माझ्या नावाने बोटं मोडणं.

टास्क मॅनेजर उघडला. स्टार्टअपला ही रांग:
दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर गुरगुरणारे;
भाच्याचा पत्त्यांचा खेळ;
भंगारात गेलेल्या प्रिंटरची
रोज सकाळी उठून वाट पाहणारा कोणी एक.

बंद. बंद. बंद.
मग सर्व्हिसेस. एका नावापाशी बोट अडलं.
"हा काय करतो?"
मला ठाऊक नव्हतं.

शेठ म्हणाले, "राहू दे.
गेटापाशी तो बसतो ना, पोत्यावर,
कुणाच्या पगारावर, आजवर कळलं नाही.
गणपतीत गावी गेला
नि दोन दिवस काट्याची किल्ली सापडेना."

रीस्टार्ट. चार मिनिटं.
चहा अर्धाच राहिला.