हात पोचतो तिथवर

कुओपिओत जानेवारीत सकाळी नऊलाही काळोखच असतो.
बूट दारात काढून, टेप हातात घेऊन
मी स्वयंपाकघराची भिंत मोजायला गेले,
तर आउनेबाई म्हणाल्या,
"भिंतीला काय विचारतेस? ती सत्तर वर्षं तिथेच आहे.
मला विचार."

मग त्यांना मोजलं.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
डावा जातो, पण रिकामा.
हातात बशी दिली की थांबतो,
जमिनीपासून एकशे एकोणीस सेंटिमीटरवर.
दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीने रेघ मारली.

इथल्या घरांत सिंकच्या वर एक कपाट असतं,
त्याला तळ नसतो, नुसती जाळी.
ओल्या बशा तिथे उभ्या राहतात,
थेंब खाली सिंकमध्ये पडतात,
आणि दार लावलं की त्यांचं सुकणं कुणाला दिसत नाही.
सुंदर कल्पना आहे,
ज्यांना उभं राहता येतं त्यांच्यासाठी.

इल्पो, त्यांचा मुलगा, खुर्चीची चाकं मागेपुढे करत म्हणाला,
"दहा वर्षं मी या सिंकपुढे तिरका बसतोय.
बसमध्ये शेजारच्याशी बोलावं तसा.
एकदा समोरासमोर बसायचंय."
सिंकखालचं सगळं काढायचं ठरलं.
साबण, बादली, बटाटे
आणि एक चपटा डबा, ज्यात काय आहे ते कुणालाच आठवेना.

हिल्ला सहा वर्षांची.
चवडे उचलायचे नाहीत, असं तीनदा सांगितलं.
शेवटी मीच खाली बसून
तिची टाच तळहाताने दाबून धरली.
तिची रेघ आजीच्या रेघेखाली दोन बोटं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं शहाणे सांगतात.
आमच्या धंद्यात उलटं चालतं:
आधी पाय पाहायचे, मग अंथरूण शिवायचं.
निदान तसं चालावं.
माझ्या स्वतःच्या घरात
वरच्या फळीसाठी मी अजून स्टूल ओढते.

बर्चच्या प्लायवूडच्या बाजू कापल्या, कडा घासल्या,
आणि आतून भोकं पाडली,
एका ओळीत, दर बत्तीस मिलिमीटरला एक.
"इतकी कशाला?" हिल्लाने विचारलं.
"फळी सरकवायला. तू वाढलीस की एक घर वर."
तिने भोकांत करंगळी घालून मोजायला सुरुवात केली,
सात वर्षांची, आठ वर्षांची, नऊ…

"आणि माझी फळी?" आउनेबाईंनी विचारलं.

मी ड्रिलचं पातं शोधायला लागले.
ते माझ्या खिशातच होतं.

"खाली," त्याच म्हणाल्या. "सांग की.
खालीही पाड भोकं, भरपूर पाड.
लाकडाला कसली आलीय लाज."

मग कॉफी झाली. कुणी फारसं बोललं नाही.
बाहेर आता कुठे उजाडत होतं,
तळ्यावरचा बर्फ निळसर दिसायला लागला होता,
आणि दाराच्या चौकटीवर त्या दोन रेघा,
एक वर निघालेली, एक खाली उतरणारी,
मध्ये दोन बोटांचं अंतर.
या वर्षी एकाच फळीवर दोघींचं भागेल.
पुढच्या वर्षी नाही.

तीन आठवड्यांनी बसवून दिलं.
जाळीचं कपाट आता सिंकच्या शेजारी, छातीच्या उंचीवर.
खण पूर्ण बाहेर येतात, पातेली आत हरवत नाहीत.
मुठी रुंद केल्या, चार बोटं आत जातील एवढ्या,
कारण आउनेबाईंचा अंगठा थंडीत ऐकत नाही.
इल्पो सिंकपाशी गेला, गुडघे आत गेले.
नळ सोडला, बंद केला, परत सोडला.
धुवायला काहीच नव्हतं.

वरची तीन भोकं मी कुणाला दाखवली नाहीत.
आज तिथे या घरातला कुणाचाच हात पोचत नाही.
हिल्लाने मान मागे टाकून ती पाहिली
आणि गप्प राहिली.

फक्त सर्वात खालचा खण
इल्पोच्या खुर्चीच्या पावदानाला घासतो.
टेप घेतली तेव्हा त्याने जुने बूट घातले होते,
आज नवे, जाड तळव्यांचे.
सोमवारी रंधा घेऊन परत जायचंय.