चार इंच खाली

अक्कलकोटच्या एका कंत्राटदाराकडून घेतली,
अकरा वर्षं वापरलेली, लांबडी, बुटकी,
डबक्यातल्या म्हशीसारखी बसकी गाडी.
गल्लीतली पोरं म्हणाली, काय बे, हिला पाय फुटायचे राहिले की!
अम्मा म्हणाली, एवढ्या पैशात
दारात बोअर मारून झालं असतं.

अशोक चौकामागं आमच्या दोन खोल्या.
पुढच्या खोलीत माग होता. विकला.
फरशीत त्याच्या पायांचे चार खड्डे मात्र कुणी विकत घेतले नाहीत.
गाडी आत ढकलली, स्टँड लावला,
तो नेमका एका खड्ड्यात बसला.
मी काही ठरवलं नव्हतं.

पाणी चौथ्या दिवशी, म्हणून टाकी धुणं लांबत गेलं.
कंत्राटदाराचा गरुड, त्याची वीज, त्याची दात काढणारी कवटी
रॉकेलच्या बोळ्यानं तीन रात्री पुसत होतो.
मग शेवटच्या चादरीचा एक धागा खिशात घालून
रंगाच्या दुकानात गेलो.
दुकानदारानं तो उन्हात धरला, नखावर गुंडाळला,
हा तांबडा कुठल्याच कार्डावर नाही म्हणाला,
डब्यात थोडा काळा ओतला, काडीनं ढवळलं,
धुतलेला पाहिजे का नवा?
धुतलेला, म्हटलं.

सीटवर चादर शिवायचा बेत फसला.
पंधरा दिवसांत उसवली, मोर मधोमध फाटला.
दोन धोटे होते. पहिल्यात इलाहीनं ड्रिल घातलं
आणि लाकूड उभं चिरलं.
दोघं काही बोललो नाही, चहा पिऊन आलो.
दुसऱ्याला भोकच पाडलं नाही,
लोखंडी टोकांना पट्ट्या घालून सीटच्या डाव्या अंगाला आवळला.
बसणाऱ्याला धरायला.
एवढं गुळगुळीत हँडल कुठल्याही शोरूमला मिळणार नाही.
वर्षानुवर्षं सुतातून पळालंय ते.

अम्मा मोजमापाला उभी राहिना.
रोज हजार विड्या, बत्तीस वर्षं एकच मांडी,
गुडघे आता पायरीशीसुद्धा भांडतात.
म्हणून ती रिक्षात चढताना
मागून, गुपचूप, विडीच्या दोऱ्यानं मोजलं:
पाय किती उचलतो, कुठं थांबतो,
कुठं ती ओठ आत घेते.
दोऱ्याला गाठ मारली.
पायदान त्या गाठीला. कंपनीच्या मापापेक्षा चार इंच खाली.

नायनाला ऐकू येत नाही.
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान तिथंच ठेवून आला.
मी गाडी सुरू केली, आख्खी गल्ली वळून बघायला लागली,
हा पेपर वाचत बसलेला.
मग उठला. टाकीवर तळवा ठेवला,
पूर्वी ठेवायचा तसा, चालत्या मागाच्या अंगावर.
डोळे मिटले. बोटं मोजत होती.
म्हणाला, एक धागा तुटतोय.
कुठं, नायना?
दर आठव्याला.
हसलो मी. तरी प्लगची टोपी काढून बघितली,
आतली वायर अर्धी सुटलेली.
घट्ट केल्यावर पुन्हा हात ठेवला त्यानं,
बराच वेळ ठेवला,
ताप उतरलाय का बघतात तसा.
बागुंदी, म्हणाला, आणि पेपरकडे गेला.

अम्मा एका संध्याकाळी टॉवेल घेऊन आली,
तापलेल्या सीटवर अंथरला, एका बाजूला बसली,
धोट्याकडं न बघताच तिची मूठ त्याच्यावर गेली.
तलावापर्यंत जाऊ म्हटलं तर, नको, कोपऱ्यापर्यंत.
कोपऱ्यावर म्हणाली, आता आलोच आहे तर.

एक खोट राहिली.
पायदान एवढं खाली, की प्रत्येक गतिरोधकाला घासतं.
खर्र.
इलाही म्हणतो, आण लेका, दोन इंच वर घेतो, दहा मिनिटांचं काम.
आणतो म्हणतो मी.
गतिरोधक आला की गाडी तिरकी घालतो, तरी घासतंच,
आणि खालची कड आता
रंग जाऊन, गंज जाऊन
चांदीसारखी निघालीय.